नबीलालचा जाळ

कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून जोतिबाच्या वाटेला लागलं, की थोड्या अंतरावर नदीकडेच्या मळ्यात हंबीरराव पाटलांचं गुऱ्हाळ होतं. गोष्ट महाराजांच्या राज्यातली, शाहूपुरीची गुळाची पेठ नवी नवी भरायला लागली होती त्या दिवसांतली. दसरा सरला की ऊस पिळायच्या चरकाला बैल जुंपायचे, ते चैत्रात जोतिबाची यात्रा तोंडावर आली की सुटायचे. डोंगराकडं निघालेली माणसं उकळत्या रसाच्या वासानं आपसूक मळ्यात वळायची. कुणाला रसाचा तांब्या मिळायचा, कुणाला भाकरीवर काकवी, कुणाच्या तळहातावर गरम गुळाचा गोळा. आलेलं माणूस कोरड्या तोंडानं जाता कामा नये, असा हंबीररावांचा हुकूमच होता.

आलेली माणसं सगळं कौतुकानं बघायची. गोल फिरणारे बैल बघायची, रस आटवायची, पाच माणसांच्या कवेत न मावणारी काहील बघायची, काहिलीच्या काठावर डोक्याला पटका बांधून उभा असलेला, गूळ कधी झाला ते ठरवणारा आकाराम गुळव्या बघायची. काहिलीच्या मागल्या अंगाला, जमिनीखाली पुरुषभर खोल खड्ड्यात, काहिलीखालच्या भट्टीच्या, म्हणजे चुलवाणाच्या, तोंडाशी एक माणूस बसलेला असायचा. तो मात्र कुणाला दिसायचा नाही. त्याचं नाव नबीलाल.

चुलवाणाला जाळ घालणाऱ्याला जळव्या म्हणत. काम सांगायला सोपं: उसाची वाळलेली चिपाडं मुठीमुठीनं आत सारायची. पण रस काहिलीत पडला की आधी जाळ दणकून लागतो. रसातली घाण, म्हणजे मळी, वर यायला लागली की तो थोडा कमी करावा लागतो, नाहीतर मळी फुटून रसात मिसळते. मळी निघाली की पुन्हा वाढवायचा. आणि रसाची काकवी होऊन ती घट्ट व्हायला लागली, की चार चिपाडं जास्त गेली तर गूळ करपतो, चार कमी गेली तर गूळ बसत नाही. नबीलालचे वडील गावातल्या चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. विस्तवाच्या रंगावरून दगड आतून शिजला का नाही ते सांगायचे. नबीलालचं लहानपण त्या भट्टीच्या उबेत गेलं. विसाव्या वर्षी तो पाटलांच्या गुऱ्हाळावर आला तेव्हा त्याला शिकवावं असं फारसं काही उरलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी आकाराम वरून ओरडायचा, "धर जाळ," नाहीतर "सोड आता." दुसऱ्या वर्षी ओरडणं निम्म्यावर आलं. तिसऱ्या वर्षापासून आकारामानं तोंडच उघडलं नाही. नबीलालला खड्ड्यातून काहिलीतला रस दिसत नव्हता, पण ऐकू यायचा. सुरुवातीला खळखळ, मग जाड रटरट, शेवटी म्हाताऱ्या माणसानं हुक्का ओढावा तशी फुतफुत. त्या आवाजावर त्याचा हात चालायचा. आकाराम काठावरून पाण्याच्या तांब्यात चाचणीचा थेंब टाकायचा आणि म्हणायचा, "आलं." तोवर खाली नबीलालनं चिपाडं बाजूला सारलेली असायची.

दोघांचं कामापलीकडचंही सूत जमलेलं. मधली काही वर्षं रमजानचा महिना ऐन हंगामात यायचा. दिवसभर जाळासमोर बसायचं आणि पाण्याचा थेंब नाही. दुपार कलली की आकाराम एक ओलं फडकं पिळून वरून खाली टाकायचा, बोलायचा काही नाही. नबीलाल ते मानेवर ठेवायचा. दिवस मावळला की आकारामाची बायको शालूबाई, जी तिथंच वाफ्यात ओतून निवत आलेला गूळ कापडाच्या साच्यात भरायच्या कामावर होती, ती खड्ड्याच्या काठावर वाटीभर काकवी आणि पाण्याचा तांब्या ठेवून जायची. "नबीभाऊ, सोडा रोजा," एवढं म्हणायची. पुढं म्हातारपणी नबीलालला त्या दिवसांतलं दुसरं काही आठवो न आठवो, त्या वाटीतल्या काकवीची चव आठवायची.

हंबीरराव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलं पाहिजे. हात सढळ होता. हंगाम संपला की चुलवाणाची पूजा व्हायची, गावजेवण व्हायचं, सगळ्या गड्यांना धोतरजोडी आणि बायकांना लुगडं मिळायचं. त्या दिवशी मैदान मारलेल्या पैलवानाला बांधतात तसा भरजरी फेटा आकाराम गुळव्याला बांधला जायचा. हलगी वाजायची. हंगामातली पहिली गाडी शाहूपुरीत सौद्याला निघायची तेव्हा गाडीवर पुढं हंबीरराव आणि त्यांच्या शेजारी आकाराम बसायचा. ते सांजेला परत यायचे तेव्हा आकाराम दोन दिवस पेठेच्याच गोष्टी सांगायचा. कोणत्या व्यापाऱ्यानं ढेप फोडली, कुणी उन्हात धरून बघितली, कोण काय म्हणालं.

नबीलाल ऐकायचा. बारा हंगाम त्यानं नुसतं ऐकलं. आपण शिजवलेला गूळ उन्हात कसा दिसतो ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या हातात गूळ यायचा तो शेवटच्या दिवशी वाटणीचा, कागदात बांधलेला.

तेराव्या हंगामात एक गोष्ट घडली. तसं बघितलं तर ती काहीच नव्हती.

पेठेतला एक मोठा गुजराती व्यापारी गुऱ्हाळ बघायला आला. माणूस चौकस. काठावर उभं राहून आकारामाचं काम बघितलं, त्याला दोन शब्द विचारले, मान डोलावली. मग फिरत फिरत मागल्या अंगाला आला आणि खड्ड्यात डोकावला. नबीलाल घामानं निथळत होता, अंगाला राख चिकटलेली. व्यापाऱ्यानं विचारलं, "आणि हे कोण?"

हंबीरराव म्हणाले, "हा व्हय? हा जाळ घालतो." आणि पाहुण्याला घेऊन ते चरकाकडं वळले.

बोलण्यात खोटं काही नव्हतं, हेटाळणी नव्हती. पण चरकाशी गेल्यावर हंबीररावांनी बैलांकडं बोट दाखवून म्हटलं, "ही खिलारी जोडी, राजा आणि सर्जा. पाच वर्षं झाली, एक दिवस बसली न्हाईत." खड्ड्यात बसून नबीलालला ते स्पष्ट ऐकू आलं. बैलांना नावं होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवता जेवता थांबला. त्याची बायको खतिजा समोर बसली होती. तिनं विचारलं, "भाजीत मीठ कमी हाय का?"

"न्हाय. भाजी बरी हाय."

"मग?"

त्यानं घडलेलं सांगितलं. सांगताना त्यालाच ते क्षुल्लक वाटायला लागलं, म्हणून शेवटी हसला. खतिजा हसली नाही. म्हणाली, "तेरा वर्षं झाली की तुमाला तिथं."

"व्हय."

"मग तुमचं नाव म्हाईत असंल की त्यास्नी."

"असंल. म्हाईत न्हाय असं न्हाय. तोंडावर आलं न्हाय एवढंच."

ती ताटं उचलायला लागली. पण ते 'तोंडावर आलं न्हाय' नबीलालच्या मनातून जाईना.

त्याच उन्हाळ्यात नदीपल्याडच्या बाळासो चौगुल्यांनी नवं गुऱ्हाळ घालायचं ठरवलं. माणसं गोळा करत ते नबीलालच्या दारात आले. मजुरी दोन आणे जास्त देऊ म्हणाले.  मग बाळासोंनी चिपाडाच्या तुकड्यानं अंगणात मातीवर एक गोल काढला. "चुलवाण अजून बांधायचं हाय. तोंड कुठल्या अंगाला घेऊ? वारं पश्चिमेचं हाय आमच्याकडं. तुला ठावं असंल, तू सांग."

नबीलाल वाकून त्या गोलाकडं बघत राहिला. मग त्यानं बाळासोंच्या हातातून तो तुकडा घेतला आणि तोंड कुठं, धुराडं कुठं, राख ओढायची वाट कुठं, ते सगळं काढून दाखवलं. तेरा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. दोन आण्यांसाठी गेला असं गावात लोक म्हणाले. तसं नव्हतं, पण त्यानं कुणाला समजावत बसायचं टाळलं.

हंबीररावांना तो रीतसर सांगायला गेला. ते ओसरीवर पान लावत होते. म्हणाले, "जा बाबा. कुणाला बांधून का ठेवायचंय?" तो गेल्यावर आकारामाला म्हणाले, "दुसरा कोन तरी बघू. जाळ घालायला काय लागतंय?"

आकाराम काही बोलला नाही. त्याला ठाऊक होतं काय लागतंय, पण मालकांच्या तोंडावर बोलायची त्याची सवय नव्हती. ह्या न बोलण्याचं त्याला पुढं फार वाईट वाटलं.

नव्या हंगामात गुंडू नावाचा गडी खड्ड्यात बसला. कष्टाळू होता, अंगापिंडानं दणकट. पहिलंच आदण, काहिलीभर रस, करपलं. दुसरं बसलं नाही, दोन दिवस गूळ चिकट तो चिकट. आकाराम सकाळपासून ओरडायला लागायचा, "सोड, सोड रे," आणि गुंडू सोडेपर्यंत वेळ होऊन गेलेली असायची. गुंडूचा दोष नव्हता, त्याला आकारामाची हाक ऐकून मग कळायचं. नबीलालला हाकेच्या आधी कळत होतं. महिनाभरानं आकारामाचा घसा बसला आणि गूळ तांबूस काळा पडला. पेठेत पहिल्या गाडीला व्यापाऱ्यांनी ढेप फोडून बघितली आणि बाजूला ठेवली. ज्या गुजराती व्यापाऱ्यानं आदल्या वर्षी गुऱ्हाळ बघितलं होतं, त्यानं विचारलं, "पाटील, गुळव्या बदलला काय?"

आकाराम शेजारीच उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना गाडी पुलावर आली तेव्हा तो बोलला. "मालक, गुळव्या तोच हाय. जळव्या गेलाय."

"जळव्यानं एवढा फरक पडतोय?"

"मला वाटत हुतं तुमाला म्हाईत हाय. दर वर्षी तुमी मला फेटा बांधत हुता. त्यातला निम्मा त्याचा हुता. मी म्हनलो न्हाय कधी. माझंबी चुकलंच." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मी डोळ्यानं बघून ठरवायचो. तवर त्यानं कानानं ऐकून केलेलं असायचं. गूळ वर हुत न्हाय मालक, खाली हुतोय."

हंबीरराव बैलांच्या पाठीकडं बघत बसले. 

दुसऱ्या दिवशी ते एकटेच नावेतनं नदी उतरून बाळासोंच्या मळ्यात गेले. बाळासोंनी पुढं होऊन चहापाण्याचं विचारलं. हंबीरराव म्हणाले, "चहा नगं. तुमच्या चुलवाणापाशी घटकाभर बसू द्या." बाळासोंनी हातानं वाट दाखवली. ते म्हणाले, "बसा की."

नबीलालनं वर बघितलं तर पांढऱ्या धोतराची घडी खड्ड्याच्या पायऱ्या उतरत होती. तो उठायला लागला.

"बस, बस. तुझं आदण जळंल," हंबीरराव म्हणाले आणि चिपाडांच्या ढिगावर टेकले.

एक पूर्ण आदण उतरेपर्यंत, दीड-दोन तास, ते तिथं बसले. वारा फिरला की धूर खाली यायचा आणि त्यांना खोकल्याची उबळ यायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगरख्यावर ठिणग्या पडून दोन भोकं पडली. नबीलाल त्यांच्याकडं बघत नव्हता, त्याचं लक्ष वरच्या आवाजात होतं. एकदा हंबीररावांनी काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्यानं नकळत हात वर करून त्यांना गप्प केलं. मग आपण कुणाला गप्प केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला. हंबीररावांनी मात्र तोंड मिटून घेतलं होतं.

आदण उतरलं. गूळ वाफ्यात ओतल्याचा आवाज आला. तेव्हा हंबीरराव म्हणाले, "तेरा वर्षं मी माझ्या चुलवाणावरनं चाललो नबीलाल, पण कधी खाली उतरलो न्हाय."

नबीलाल उरलेली चिपाडं बाजूला सारत होता.

"परत ये. काय पायजे ते सांग. बाळासो देतात त्याच्यावर देतो."

"ह्या हंगामाचा बाळासोंना शबुद दिलाय मालक. मधनंच सुटायचं न्हाय."

"बरं. पुढल्या हंगामाला?"

"येईन. हितं मला काय तरास न्हाय. मानानं वागवत्यात. पन वर आकारामतात्या न्हाय ना. हितला गुळव्या चांगला हाय, पर त्याचा हात मला ऐकायला येत न्हाय."

"मग मजुरीचं बोल."

नबीलाल राख ओढत राहिला. मग खालमानेनं म्हणाला, "मजुरी ठरंल तशी द्या. मला एकडाव सौदा बघायचाय."

हंबीररावांना आधी कळलंच नाही. "कसला सौदा?"

"आपल्या गुळाचा. पेठंत. तात्या सांगतोय नुसतं. मी बघितला न्हाय कधी."

हंबीररावांनी अंगरख्यावरची राख झटकली. मग म्हणाले, "एवढंच?" आणि लगेच त्यांना वाटलं असावं की हा शब्द चुकीचा पडला, कारण ते घाईनं म्हणाले, "न्हाय, एवढंच न्हाय. ये तू."

तो हंगाम हंबीररावांनी तांबड्या गुळावर काढला. बाळासोंशी भांडण काढलं नाही की नबीलालला आधी सोडा म्हणून निरोप धाडला नाही. पेठेत कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "आमचा जाळ राखणारा मानूस गेलाय. पुढल्या वर्साला येनार हाय."

पुढल्या वर्षी पहिली गाडी निघाली ती दिवाळीच्या सुमाराला. खतिजानं ठेवणीतला सदरा धुऊन घडी घालून ठेवला होता, वर काळी टोपी. गाडीवर पुढं हंबीरराव, त्यांच्या एका अंगाला आकाराम आणि दुसऱ्या अंगाला नबीलाल. पुलावरून जाताना नदीवर धुकं होतं, घाटावरच्या देवळांचे नुसते कळस दिसत होते. नबीलाल कोल्हापूरला काय कमी वेळा गेला होता? बाजाराला गेला होता, मोहरमचे पंजे बघायला गेला होता. पण त्या दिवशी शहर त्याला नवंच वाटलं. गाडीवरून रस्ता उंचावरून दिसत होता.

शाहूपुरीत गाड्यांची रांग लागली होती. अडत्याच्या दुकानापुढं ढेपा उतरवल्या. व्यापारी एकेका ढेपेपाशी थांबत होते, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरत होता, तोंडानं कुणीच काही बोलत नव्हतं. नबीलाल भान हरपून बघत होता. हंबीररावांच्या ढेपेपाशी तोच गुजराती व्यापारी आला. त्यानं कापड बाजूला केलं, एक कोपरा फोडला आणि तुकडा उन्हात धरला.

सोन्यासारखा पिवळा म्हणतात, तसा नव्हता तो. नबीलालला वाटलं, आपल्या चुलवाणात शेवटच्या घटकेला निखाऱ्यांचा जो रंग असतो तोच ह्यात उतरलाय. बारा-तेरा वर्षं तो हाच रंग बघत आला होता, दुसऱ्या बाजूनं.

"पाटील, गूळ जागेवर आला," व्यापारी म्हणाला.

आकारामानं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी हंबीरराव बोलले. "हे नबीलाल. ह्यांच्या जाळावर आमचा गूळ हाय. गेल्या साली हे नव्हते."

व्यापाऱ्यानं नबीलालकडं नीट बघितलं. खड्ड्यातला राखेनं माखलेला माणूस आणि हा टोपीवाला एकच, हे त्याला ओळखू आलं का कोण जाणे. त्यानं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "मळी निघाली की जाळ किती वेळ वाढवता?"

नबीलालनं सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग नीट. बघता बघता तीन-चार अडते भोवती जमले. आकाराम मागं सरून उभा राहिला आणि ऐकत राहिला, आपण पेठेच्या गोष्टी सांगताना हा ऐकायचा तसा.

संध्याकाळी घरी आल्यावर नबीलालनं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. व्यापाऱ्यानं फोडलेल्या ढेपेचा तो तुकडा होता. खतिजानं तो दिव्याशी धरून बघितला. "ह्यो तुमचा?"

"तात्याचा आनि माझा."

तिनं तो खाल्ला नाही. फळीवरच्या डब्यात ठेवला. चार दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा मात्र दोघं हसत हसत पाण्याबरोबर खाऊन मोकळे झाले.

हंबीररावांना ह्यातून एक वेड लागलं म्हणा. पुढच्या प्रत्येक गाडीवर ते एकेका माणसाला पाळीपाळीनं पेठेत न्यायला लागले. उसाच्या फडातल्या बायका गेल्या, मोळ्या वाहणारे गेले. गुंडूची पाळी आली, तो आता बैलांच्या मागं होता. तो म्हणाला, "मला पेठ बघून काय करायचंय मालक? दिवस मोडतोय. त्याच्यापरीस मला रविवारी जोतिबाला जाऊ द्या." हंबीरराव आधी चिडले, आपण एवढा मान देतोय आणि हा नको म्हणतो. दोन दिवस गुंडूशी बोलले नाहीत. मग आकारामाशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की ज्याला जे हवं ते आपण विचारलंच नव्हतं, नबीलालला जे हवं होतं तेच सगळ्यांना वाटत सुटलो होतो. गुंडूला रविवार मिळाला. तेव्हापासून हंगामाच्या आधी ते एकेकाला ओसरीवर बोलवून विचारायचे. कुणी काय मागायचं, कुणी काय. सगळंच देता यायचं नाही, तसं ते तोंडावर सांगायचे. पण पुढच्या सात वर्षांत त्यांच्या गुऱ्हाळावरून एकही माणूस दुसरीकडं गेला नाही. नदीकाठची बाकीची गुऱ्हाळं ऐन हंगामात माणसांची फोडाफोडी करायची, तेव्हा पाटलांच्या गड्यांना कुणी विचारायलाही येत नसे.

ती सात वर्षं नबीलालच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. म्हातारपणी तो त्यांच्याबद्दल बोलायला लागला की बाकी गोष्टींचा क्रम चुकायचा, पण कोणत्या हंगामात गुळाचा रंग कसा होता ते अचूक सांगायचा.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. दसऱ्यानंतर चरक जोडायचा तर जोडायला माणसं नव्हती. प्रत्येक घरात कोण ना कोण अंथरुणावर. हंबीररावांच्या घरातली दोन माणसं गेली. आकाराम तापानं पडला तो तिसऱ्या दिवशी गेला. नबीलाल खांदा द्यायला होता. परत येताना तो गुऱ्हाळाकडं वळला आणि थंड चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसला. वरून काहीच आवाज नव्हता.

हंगाम उशिरा, पौषात सुरू झाला. हंबीररावांनी नबीलालला बोलावलं. "वर तू उभा ऱ्हा. दुसरं कोन न्हाय."

"आनि खाली?"

 गुंडू साथीतून उठला होता, पण अंगात ताकद नव्हती. तेव्हा शालूबाई पुढं आली. आकारामाला जाऊन दोन महिने झाले होते. म्हणाली, "मी बसते."

हंबीरराव म्हणाले, "बाईमानसाचं काम न्हाय ते, शालूबाई."

"का? चूल कोन पेटवतंय घरोघर?" ती म्हणाली. "वीस वर्षं वाफ्यापाशी हाय मी. वर मालक काय म्हनायचे, खाली नबीभाऊ काय करायचे, सगळं ऐकत आले." मालक म्हणजे तिचा नवरा.

हंबीररावांनी नबीलालकडं बघितलं. नबीलाल म्हणाला, "बसू द्या वैनीला. मी हाय वर."

पहिलं आदण घाबरत झालं. नबीलाल काठावर उभा राहिला तेव्हा वाफेनं काही दिसत नव्हतं, आणि तो कानांनीच रस बघत होता. खालून जाळ कधी वाढला, कधी उतरला, त्यानं एकदाही ओरडून सांगितलं नाही. फुतफुत सुरू झाली. तो "सोड" म्हणणार एवढ्यात जाळाचा आवाज खाली आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं म्हणून खपून गेलं.

गूळ थोडा मऊ बसला, पण रंग चांगला. हंगाम तसाच पार पडला.

शेवटच्या दिवशी चुलवाणाची पूजा झाल्यावर हंबीररावांनी शालूबाईला ओसरीवर बोलावलं. नबीलाल शेजारीच होता. हंबीरराव म्हणाले, "शालूबाई, ह्या हंगामाला तू नसतीस तर चुलवाण पेटलं नसतं. पेठेतबी मी हेच सांगितलंय. पुढल्या वर्साला तूच बसायचं. तुला काय पायजे ते सांग. मनात ठिवू नगंस."

नबीलालला वाटलं, लुगडं मागेल, नाहीतर पोरीच्या लग्नाचं काही म्हणेल.

शालूबाईनं पदर सारखा केला. "त्यो खड्डा बुजवा थोडा," ती म्हणाली. "हातभर तरी वर घ्या. चुलवानाचं तोंड मग हातापाशी येईल. माझा हात पोचत न्हाय, अख्खा हंगाम दगडावर बसून काढलाय मी. आनि पश्चिमेच्या अंगाला एक कूड घाला, धूर सगळा तोंडावर येतोय. वर छप्पर घातलंसा तर लई बरं हुईल. ऊन लागतंय."

हंबीरराव नबीलालकडं वळले. "काय रे, धूर तुझ्याबी तोंडावर येत हुता की. वीस वर्षं बसलास, कधी बोलला न्हाईस?"

नबीलालनं डोकं खाजवलं. बाळासोंच्या चुलवाणाला त्यानं स्वतः वाऱ्याचा विचार करून तोंड काढून दिलं होतं. इथं मात्र ते बदलता येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मला वाटलं, चुलवान म्हंजे असंच असतंय," तो म्हणाला, आणि शालूबाई नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

पावसाळा उतरल्यावर गवंडी आला. खड्डा हातभर बुजवला, चुलवाणाचं तोंड नव्यानं बांधलं, पश्चिमेला तुराट्यांचा कूड उभा केला आणि वर उसाच्या पाल्याचं छप्पर घातलं. शालूबाई रोज येऊन माप बघायची आणि गवंड्याशी वाद घालायची. माती वाळल्यावर एका सकाळी, कुणी नाही असं बघून, नबीलाल खाली उतरला आणि त्या नव्या जागेवर मांडी घालून बसला. हात सहज पुढं पोचत होता. छपराच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडले होते. तो बराच वेळ तिथं बसून राहिला. मग वरून शालूबाईचा आवाज आला, "नबीभाऊ, उठा आता. ती जागा माजी हाय." तो उठला, धोतर झटकलं आणि काहिलीच्या काठावर आपल्या जागी चढून गेला.